रत्नागिरीची संग्रहालयं पाहायला जाताना

रत्नागिरीला जाणाऱ्या बहुतेकांचा बेत ठरलेला असतो. गणपतीपुळ्याचं दर्शन, आरे-वारेच्या वळणावर गाडी थांबवून फोटो, दुपारी माशाचं ताट, आणि परतीच्या वाटेवर वेळ उरलाच तर थिबा पॅलेसला धावती भेट. मत्स्यालय मुलांसाठी, आणि टिळकांचं जन्मस्थान वाटेत लागलं म्हणून. घरी आल्यावर किनाऱ्याबद्दल भरभरून बोललं जातं आणि संग्रहालयांबद्दल "बरं आहे, पण फार काही नाही" एवढंच. हे ऐकलं की मला मनापासून वाईट वाटतं. कारण तिथे पाहण्यासारखं भरपूर आहे, फक्त ते कुठल्या ओळीने पाहायचं हे कुणी सांगितलेलं नसतं.

बंदराच्या गावात संग्रहालय आणि समुद्र वेगळे काढता येत नाहीत. काचेच्या कपाटात जे दिसतं त्यातलं अर्धंअधिक एके काळी पाण्यावरून आलेलं असतं, आणि पाटीवर मात्र फक्त नाव आणि शतक लिहिलेलं असतं. म्हणून रत्नागिरीत प्रत्येक वस्तूपुढे उभं राहून एकच प्रश्न विचारावा: ही इथवर कशी आली? गलबतातून आली, आगबोटीतून आली, लाटेने आणून टाकली, की इथल्याच कातळातून निघाली? दहा वर्षांच्या मुलालाही हा प्रश्न विचारता येतो, आणि उत्तर शोधताना अख्खं गाव उलगडत जातं. त्यासाठी गावात पुरे दोन दिवस ठेवा. एका दिवसात सगळं उरकायचं असेल तर निम्म्याच जागा घ्या, पण त्या नीट पाहा.

बेत आखताना आधी दिनदर्शिका काढा आणि तिथी बघा. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशेब साधा आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चारचे पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाला, दशमीला साडेसातला. पौर्णिमा आणि अमावस्येला बाराच्या आगेमागे. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. मिनिटांचा हिशेब हवा असेल तर छापील कोष्टक पाहावं, पण फिरायचा बेत करायला पाऊणपट पुरते. पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं, तेव्हा पाणी जितकं वर चढतं तितकंच खोल आतही जातं. त्या दिवसांत सकाळी सहा-सातच्या सुमारास खडक सर्वात जास्त उघडे पडलेले असतात. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा हा फरक कमी असतो. हे आधी माहीत असलं की सकाळ किनाऱ्याला द्यायची की संग्रहालयाला, हे ठरवता येतं.

दुसरी गोष्ट सुट्टीच्या वाराची. सरकारी संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात, आणि जुन्या इमारतींत डागडुजी चालू असली की एखादा मजला किंवा दालन बंद ठेवतात. निघायच्या आदल्या दिवशी मुक्कामाच्या जागेवरून चौकशी करून घ्या. शनिवार-रविवारी जाणार असाल तर दार उघडताच आत शिरा. अकरानंतर सहलींच्या बस येतात आणि मग पाटी वाचायलाही रांग लागते.

आता सुरुवात कुठून करायची? माझं मत अगदी स्पष्ट आहे: मिरकरवाड्यापासून. हे काही संग्रहालय नाही, रत्नागिरीचं मासेमारी बंदर आहे. पण मत्स्यालयाच्या आधी तिथे गेलंच पाहिजे. होड्या किती वाजता लागतात ते आदल्या संध्याकाळी विचारून ठेवा आणि लिलावाच्या वेळी धक्क्यावर असा. बांगडा ताजा असताना त्याच्या पाठीवरचा निळसर हिरवा रंग आणि त्यावरच्या काळपट रेघा नीट पाहून घ्या. माकूळ हातभर अंतरावरून बघा, त्याच्या अंगावरचे ठिपके अजून बारीक-मोठे होत असतात. पाकट उलटी पडलेली असेल तर तिचं तोंड आणि कल्ल्यांच्या फटी खालच्या अंगाला कशा असतात ते दिसेल. मुशी, कर्ली, तारली, शेवंड, जे दिसेल त्याचं नाव विचारा. मासळीवाल्या मावशींना मोकळं असताना विचारलं तर त्या हौसेने सांगतात, लिलावाच्या ऐन घाईत विचारलं तर नाही, आणि त्यांचं बरोबरच आहे. फोटो काढण्याआधी परवानगी घ्या. पायात घसरणार नाहीत अशा चपला हव्यात, आणि दोऱ्या, जाळी, बर्फाचे ढीग यांच्या मध्ये उभं राहून खलाशांची वाट अडवू नये.

धक्क्यावरच्या होड्याही निवांत पाहण्यासारख्या असतात. शिडाचा जमाना गेला, इंजिनं आली, तरी होडीचे शब्द टिकून आहेत. पुढचं टोक ती नाळ, मागे सुकाणू. होडी चालवणारा तांडेल. आडव्या लाकडाची उलांडी बांधलेली लहान होडी दिसली तर तिच्याजवळ जा. तोल सांभाळायची ही युक्ती फार जुनी आहे. हे एकदा डोळ्यांत बसलं की पुढे कुठल्याही संग्रहालयात गुराब, गलबत, शिबाड, मचवा असे शब्द वाचताना काहीतरी समोर उभं राहतं.

मग मत्स्यालय. डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचा हा भाग आहे. विद्यापीठ दापोलीचं, १९७२ साली स्थापन झालेलं. हे केंद्र त्याहून जुनं आहे, १९५८चं. म्हणजे ही मुळात शास्त्रज्ञांची काम करायची जागा आहे, आणि तिथला संग्रह त्या कामातून वाढत गेलेला आहे. हे ध्यानात ठेवून आत गेलं तर बरण्यांच्या रांगा कंटाळवाण्या वाटत नाहीत.

लोक जिवंत माशांच्या टाक्यांपुढे गर्दी करतात आणि बरण्यांवरून नजर फिरवून बाहेर पडतात. मी उलट सुचवेन. टाक्या बघाच, पण बरण्यांना जास्त वेळ द्या. द्रावात ठेवलेल्या माशाचा रंग उडतो, सगळेच फिकट, पिवळट दिसायला लागतात. सकाळी धक्क्यावर पाहिलेला रंग डोळ्यांत असेल तर तो मनाने भरता येतो, आणि रंग गेल्यामुळे एरवी लक्षात न येणारा आकार समोर येतो: पराची ठेवण, तोंडाचा कोन, खवल्यांची ओळ. समुद्रसाप असेल तिथे थांबा आणि त्याची शेपटी पाहा. जमिनीवरच्या सापाची शेपटी निमुळती गोल असते, याची वल्ह्यासारखी चपटी. पोहण्यासाठी झालेला हा बदल एकदा पाहिला की विसरत नाही. त्याचा व्यवहारातही उपयोग आहे. रापण ओढली जात असताना किंवा जाळं झाडताना समुद्रसाप वाळूत पडलेले असतात, ते विषारी असतात, आणि मेलेले वाटले तरी हात लावायचा नसतो. मुलांना हे तिथेच, बरणीसमोर सांगा.

इथलं सर्वात मोठं आकर्षण म्हणजे देवमाशाचा सांगाडा, पन्नास फुटांहून लांब. बहुतेकजण लांबी बघून थक्क होतात, शेजारी उभं राहून फोटो काढतात आणि पुढे जातात. इथे किमान पंधरा मिनिटं द्या. आधी कवटीपाशी उभे राहा आणि जबड्याची लांबी मनात धरा. मग मणक्यांवरून नजर शेपटीपर्यंत न्या, मणके कसे लहान होत जातात ते बघा. आणि मग पुढच्या परांचा विचार करा. देवमाशाच्या परात माशासारखे काटे नसतात. त्यात आपल्या हातासारखी हाडं असतात, खांद्याचं, दंडाचं, मनगटाची आणि बोटांची. जमिनीवर चालणाऱ्या पूर्वजांकडून आलेला हात पाण्यात गेल्यावर वल्हं झाला, ही गोष्ट पुस्तकात वाचून पटते, पण हाडांसमोर उभं राहून ती दिसते. इथेही आपला प्रश्न विचारायचा: हा इथवर कसा आला? एवढा प्राणी किनाऱ्याला लागतो, कुजायला लागतो, त्याचं मांस काढून, हाडं स्वच्छ करून, क्रमाने जोडून उभी करायची म्हणजे किती माणसांचे किती दिवस गेले असतील, याचा अंदाज मुलांना करायला लावा.

दुपारचं ऊन टाळायचं तर टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मस्थान बरं. २३ जुलै १८५६ रोजी टिळकांचा जन्म इथला, आणि ते दहा वर्षांचे असताना, १८६६ मध्ये, वडिलांची पुण्याला बदली झाली म्हणून कुटुंबाने रत्नागिरी सोडली. आत छायाचित्रं आणि माहितीफलक आहेत. ते वाचाच. पण मला विचाराल तर इथली मुख्य वस्तू म्हणजे ते घर. कोकणातलं मध्यमवर्गीय घर कसं असे हे समजून घ्यायला याच्यासारखी जागा नाही. बाहेरून आत येताना प्रकाश कसा कमी होत जातो ते बघा. छप्पर किती खाली उतरवलेलं आहे, पाऊस भिंतीपर्यंत येऊ नये म्हणून किती काळजी घेतली आहे ते बघा. भिंतीचा चिरा याच मातीतला, कातळ खणून काढलेला. खाणीतून काढताना तो मऊसर असतो, कुऱ्हाडीने तासता येतो, आणि हवा लागून घट्ट होत जातो.

कौलांची गोष्ट मात्र वेगळी. कोकणातल्या घरांवर आज जी चपटी लाल कौलं दिसतात ती मंगलोरी. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि मग ती किनाऱ्याकिनाऱ्याने, गलबतांतून, बंदराबंदरांत उतरत गेली. त्याआधी इथे नळीची कौलं आणि गवताची छपरं होती. गावात फिरताना एखाद्या जुन्या घराची कौलं उतरवून रचलेली दिसली तर मालकाला विचारून एक उलटून बघा. त्यावर कारखान्याचं नाव उठवलेलं सापडतं. आपण ज्याला अस्सल कोकणी छप्पर म्हणतो तेही समुद्रावरून आलेलं आहे, हे हातात धरून वाचता येतं.

आता थिबा पॅलेस. याला पुरे दोन तास द्या, आणि टिळक जन्मस्थान पाहून झाल्यावरच जा. कारण पुढे सांगतो.

ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि राजाला राणी सुपयालतसह बोटीत बसवून देशाबाहेर काढलं. आधी मद्रास, आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरी. रत्नागिरीच का? नकाशा डोळ्यांसमोर आणा. रेल्वे नाही. घाटावरून यायचं तर अवघड वाटा. समुद्राचा रस्ता मोकळा, पण पावसाळ्यात तोही बंद. राजाला ठेवायला इंग्रजांना याहून सोयीची जागा सापडली नसती. तिसरी राजकन्या मद्रासच्या मुक्कामात जन्मली होती, चौथी १८८७ मध्ये रत्नागिरीत. सुरुवातीला या कुटुंबाला बंगल्यांत ठेवलं गेलं. हा राजवाडा बांधून राजा त्यात राहायला गेला तो १९१०च्या अखेरीस, म्हणजे कैदेची जवळजवळ पंचवीस वर्षं झाल्यावर. डिसेंबर १९१६ मध्ये तो रत्नागिरीतच वारला. जेमतेम सहा वर्षं त्याला या वाड्यात मिळाली.

आणि आता टिळकांचं घर आधी पाहायला का सांगितलं ते. १९०८ साली राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना बोटीने ब्रह्मदेशात नेऊन मंडालेच्या तुरुंगात ठेवलं गेलं. गीतारहस्य त्यांनी तिथे लिहिलं ते १९१०-११च्या हिवाळ्यात. रत्नागिरीत जन्मलेला माणूस मंडालेत कैदी, मंडालेचा राजा रत्नागिरीत कैदी, एकाच सरकारचे, एकाच वेळी. राजा नव्या वाड्याच्या खोल्यांत सामान लावत होता त्याच महिन्यांत तिकडे पेन्सिलीने गीतारहस्याची पानं लिहिली जात होती. दोन्ही वास्तू एकाच गावात आहेत, रिक्षाने काही मिनिटांच्या अंतरावर. सलग पाहिल्या तर ही गोष्ट कुणी सांगायची गरज उरत नाही. वेगवेगळ्या दिवशी, किंवा एकच पाहिली, तर ती हातातून निसटते.

वाड्यात शिरण्याआधी बाहेरून एक फेरी मारा. भिंती इथल्या चिऱ्याच्या. छपराच्या कडेची लाकडी नक्षी ब्रह्मी वळणाची. खिडक्यांवरच्या अर्धगोल कमानींत रंगीत काचा, परदेशातून आलेल्या. आपला प्रश्न इथे तीन वेळा विचारावा लागतो आणि तीन वेगळी उत्तरं मिळतात. काचांचा रंग जमिनीवर पडलेला पाहायचा असेल तर उन्हं तिरपी असताना, सकाळी लवकर किंवा उतरत्या दुपारी जा. मधल्या वेळेत ऊन डोक्यावर असतं आणि खिडक्या निव्वळ खिडक्या वाटतात.

आत राजाच्या वस्तू फारशा नाहीत म्हणून लोक निराश होतात. त्यांनी एवढं लक्षात घ्यावं की मंडाले पडलं तेव्हा राजवाड्यातलं धन तिथेच त्याच्या हातून गेलं. राजचिन्हं आणि अलंकार लंडनला गेले, तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये राहिले आणि १९६४ मध्ये ब्रह्मदेशाला परत दिले गेले. रत्नागिरीत राजा आला तो उरलेलं घेऊन, आणि पुढे तेही कर्जापायी विकत गेला. खोल्या रिकाम्या आहेत त्यामागे हा इतिहास आहे. रिकाम्या दालनात पाच मिनिटं उभे राहा आणि गच्ची-सज्जाच्या बाजूने खाडी आणि समुद्र कुठे दिसतो ते शोधा. अमिताव घोष यांच्या 'द ग्लास पॅलेस' या कादंबरीत रत्नागिरीतला थिबा आहे. जाण्याआधी तो भाग वाचून गेलात तर या जागेवर उभं राहण्याला वेगळीच धार येते. फक्त कादंबरी आणि इतिहास वेगळे ठेवा. कादंबरीतले प्रसंग इतिहास म्हणून सांगणारे मार्गदर्शकही भेटतात.

पॅलेसच्या संग्रहालयात जुनी पाषाणशिल्पंही ठेवलेली आहेत. पावसाने आणि खाऱ्या वाऱ्याने झिजलेल्या मूर्तींसमोरून सगळे भराभर पुढे सरकतात. तुम्ही एक मूर्ती निवडा आणि तिच्यावर नजर आडवी टाका, म्हणजे समोरून न बघता बाजूला जाऊन बघा. प्रकाश कडेने पडला की बुजलेल्या रेघा वर येतात. हातातली आयुधं मोजा, पायाशी वाहन शोधा, देव कोणता ते बरेचदा तेवढ्यावरून कळतं. कुठेही वीरगळ दिसली तर ती खालून वर वाचायची: तळाला लढाई, मधे वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा. मुंबईकरांसाठी एक सुचवणी. बोरिवलीजवळच्या एक्सरला ज्या वीरगळी आहेत त्यांतल्या काहींवर तळाच्या पट्ट्यांत जहाजं आहेत, वल्ह्यांच्या रांगांसकट. कोकणच्या आरमारी लढाईचं इतकं जुनं चित्र दगडात क्वचितच मिळतं. रत्नागिरीला येण्याआधी त्या पाहून या.

पॅलेसमधून निघाल्यावर शिवाजीनगर भागातली थिबाची समाधी चुकवू नका. त्याच्या दुसऱ्या, धाकट्या राणीची समाधीही तिथेच आहे. सुपयालत १९१९ मध्ये रंगूनला परतली आणि तिथेच १९२५ मध्ये गेली. राजा मात्र इथेच राहिला. २०१२च्या डिसेंबरमध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन या समाधीपाशी येऊन गेले. थोरल्या राजकन्येची मुलगी टूटू हिने तर बहुतेक आयुष्य रत्नागिरीतच, मराठी बोलत, हलाखीत काढलं. राजघराण्याचा इतिहास वाड्याबाहेर, गावातल्या साध्या घरांपर्यंत पोहोचलेला आहे. म्हणूनच इथे वागताना थोडं भान हवं. त्या घराण्याचे वारस कुठे राहतात, त्यांना बघता येईल का, अशा चौकश्या करत फिरू नये. माणसं ही प्रदर्शनातली वस्तू नव्हेत.

संध्याकाळी रत्नदुर्ग. घोड्याच्या नालेसारखा पसरलेला हा किल्ला तीन बाजूंनी पाण्यात आहे. बालेकिल्ल्यात भगवतीचं देऊळ, एका टोकाला दीपगृह, पायथ्याला भगवती बंदर. दीपगृहावर ठरावीक वेळातच सोडतात, ती वेळ विचारून त्याप्रमाणे चढा. वरून एका नजरेत मिरकरवाडा, मांडवी आणि मिऱ्याचा डोंगर दिसतो, आणि सकाळपासून तुकड्यातुकड्यांनी पाहिलेलं गाव नकाशासारखं जुळतं. एका बाजूचा काळा समुद्र आणि दुसऱ्या बाजूचा पांढरा समुद्र ही नावं वाळूवरून पडली आहेत. काळी वाळू ही इल्मेनाइटसारख्या जड खनिजांची. चिमूटभर वाळूवरून साधं लोहचुंबक फिरवलं तर काही कण चिकटतात. मुलांना हा प्रयोग करू द्या. अंधार पडल्यावर मांडवीच्या जेटीवरून दीपगृहाचा झोत बघा आणि दोन झोतांमधले सेकंद मोजा. प्रत्येक दीपगृहाची लय वेगळी ठेवलेली असते, तिच्यावरून रात्री तांडेल ओळखतो की हे रत्नागिरीचं की दुसरीकडचं.

मांडवीला बसलेले सत्तरी-पंचाहत्तरीपुढचे आजोबा दिसले तर त्यांच्याशी बोला. "आजोबा, आगबोट तुम्ही बघितलीत का?" एवढंच विचारा. मुंबईहून कोकण किनाऱ्याने जाणारी आगबोट भर समुद्रात नांगर टाकायची, माणसं आणि सामान पडावातून उतरायचं, पावसाळा आला की सगळं बंद. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली त्याआधीच्या पिढ्यांचं मुंबईशी नातं या पाण्यावरून होतं. गिरणीत, बंदरात, घरकामाला गेलेला चाकरमानी याच वाटेने गेला. कुठल्याही दालनात हे पुरेसं मांडलेलं नाही, आणि सांगणारी माणसं कमी होत चालली आहेत. परवानगी घेऊन मोबाइलवर त्यांचं बोलणं टिपून ठेवा. जून २०२०च्या निसर्ग वादळात मिऱ्याच्या किनाऱ्याला लागलेल्या 'बसरा स्टार' जहाजाची हकीकतही विचारा, ती सांगायला तरुणही पुढे येतील.

ऋतूचं थोडक्यात. मे महिन्यात आंबे आहेत, पण दुपारी दमट उकाड्याने जीव नकोसा होतो. तेव्हा संग्रहालयं सकाळी दहा ते बारा आणि किल्ला पाचनंतर. पावसाळ्यात १ जूनपासून मासेमारी बंदी असते, होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात, लिलाव थंडावलेला असतो. त्या दिवसांत मिरकरवाड्यात होड्यांचा तळ बघायला मिळतो, डागडुजी आणि जाळी विणणं बघायला मिळतं, ते एरवी दिसत नाही. पुन्हा समुद्रात जायची लगबग नारळी पौर्णिमेच्या सुमारास. गणपतीला गावी येणाऱ्यांनी एक पावसाळी दुपार राखून ठेवावी. पावसाचा आवाज ऐकत चिऱ्याच्या घरात उभं राहण्यासारखा दुसरा धडा नाही. मला स्वतःला मात्र नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वात आवडतं.

लहान मुलं बरोबर असतील तर एका दिवसात दोनच जागा. हातात वही द्या आणि प्रत्येक ठिकाणी एक वस्तू काढायला सांगा. चित्र काढायचं म्हटलं की मूल दहा मिनिटं एका जागी बघतं. फोटोचा फ्लॅश बंद ठेवा, रंगीत काचांना आणि लाकडी कोरीवकामाला हात लावू नका. हाताच्या घामाने लाकूड काळवंडतं. बाहेर पडताना अभिप्राय वही मागा आणि "छान" एवढंच लिहू नका. कुठल्या वस्तूला पाटी नाही, कुठली पाटी वाचता येत नाही, कुठे दिवा बंद आहे, हे नेमकं लिहा. अशा लिखित नोंदी कर्मचाऱ्यांना वर पाठवता येतात.

आणखी एक दिवस असेल तर दोन वाटा आहेत. एक, कातळशिल्पांची. उक्षी, जांभरूण, कशेळी, देवाचे गोठणे अशा गावांच्या सड्यांवर कातळात कोरलेली ही चित्रं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. त्यांत हत्ती आहेत तसे समुद्रातले जीवही आहेत. धक्क्यावर आणि मत्स्यालयात पाकट नीट पाहिली असेल तर तिचा आकार सड्यावर ओळखता येतो. चित्रांवर पाय देऊ नका, रेघा स्पष्ट दिसाव्यात म्हणून खडू फिरवू नका किंवा पाणी ओतू नका. गावातल्या माणसाला बरोबर घ्या आणि त्याचा मोबदला द्या. दुसरी वाट दक्षिणेला, विजयदुर्गाकडे. किल्ला सगळेच बघतात. तुम्ही वाघोटण खाडीच्या बाजूला गिर्ये इथली आरमारी गोदी विचारत जा. खडक कोरून केलेली, साडेतीनशे फुटांच्या आसपास लांब. पेशव्यांच्या आरमाराचे सरदार आनंदराव धुळप यांच्याशी तिचं नाव जोडलेलं आहे, त्यांनीच १७८३ मध्ये इंग्रजांचं 'रेंजर' जहाज पकडलं होतं. तिथे तिकीटखिडकी नाही, मार्गदर्शक नाही. ओहोटीला पोहोचा, म्हणजे रचना दिसेल. भरतीला पोहोचलात तर पाणी आत कसं शिरत होतं ते दिसेल. जमलं तर दोन्ही वेळा थांबा.

शेवटी घरचं काम. तुमचं मूळ गाव या किनाऱ्यावर असेल तर ट्रंकेत आगबोटीचं जुनं तिकीट, गलबताच्या मालाची वही, नाखव्या आजोबांचा फोटो, शिडाच्या कापडाचा तुकडा असं काही ना काही असतं. ते टाकू नका आणि भावनेच्या भरात लगेच कुणाला देऊनही टाकू नका. आधी दिवसाच्या उजेडात, सपाट जागेवर ठेवून स्वच्छ फोटो काढा. कागदाला चिकटपट्टी किंवा प्लास्टिकचं वेष्टण लावू नका, आपल्या दमट हवेत आत बुरशी धरते. फोटोच्या मागे पेनाने न लिहिता मऊ पेन्सिलीने माणसाचं नाव, गाव, अंदाजे साल आणि ही माहिती कुणी सांगितली ते लिहा. मग संग्रहालयात द्यायचं ठरवलंत तर लेखी पोच घ्या, आणि एक प्रत घरात ठेवा.